शाब्दिक उदाहरणं कोरी का राहतात? नववीच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातलं एक अनुदानित माध्यमिक विद्यालय. गाव मोठं, बाजाराचं. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून मुलं सायकलने नाहीतर एसटीने येतात. शाळेचं, शिक्षकांचं, मुलांचं नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. त्या वर्षी शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामानिमित्त माझं या शाळेत जाणं-येणं होतं. त्यामुळे खाली लिहिलेल्या बैठकांना आणि बऱ्याचशा तासांना मी हजर होते.

नववीच्या दोन तुकड्या. ‘अ’ सेमी इंग्रजीची, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. ‘ब’ पूर्ण मराठी माध्यमाची. सेमीच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं, बहुतेकांच्या घरी डाळिंबाची बाग, थोडी ज्वारी, दोन-चार जनावरं. पोरगं सेमीला आहे ही घरात अभिमानाने सांगायची गोष्ट.

या प्रकरणात तीन शिक्षक आहेत. गणिताचे सर अनुभवी, फळाभर उदाहरणं सोडवून देणारे, मुलं त्यांना मानायची आणि घाबरायचीही. विज्ञानाच्या मॅडम शिक्षणसेवक म्हणून नुकत्या लागलेल्या. मराठीच्या बाई निवृत्तीला आलेल्या. तिघांचे तास एकाच वर्गावर असले, तरी त्या वर्गाबद्दल तिघं एकत्र बसून कधी बोलले नव्हते.

अडचण

ऑगस्टमध्ये पहिली घटक चाचणी झाली. गणितात एक विचित्र गोष्ट दिसली. ‘समीकरणे सोडवा’ असं सरळ दिलं की निम्म्याहून जास्त मुलं सोडवत होती. तीच समीकरणं चार वाक्यांच्या आड गेली की पान कोरं. काही जणांनी प्रश्नच पुन्हा उतरवून काढला होता आणि खाली ‘उत्तर’ लिहून पुढे रेघ मारली होती.

विज्ञानात व्याख्या शब्दन् शब्द पाठ, पण ‘कारणे द्या’ खाली पुस्तकातलं एखादं वाक्य, कधी तर भलत्याच प्रश्नाचं. मराठीच्या पेपरात अपठित उताऱ्यावरच्या प्रश्नांना उताऱ्यातलं पहिलंच वाक्य उत्तर म्हणून आलेलं.

प्रत्येकाने आपापल्या विषयापुरतं निदान केलं. सर म्हणाले, पाढे कच्चे आहेत, सराव नाही. मॅडम म्हणाल्या, प्रयोगशाळेचं सामान कपाटात कुलूपबंद आहे, मुलांना काही दिसतच नाही. बाई म्हणाल्या, मुलं वाचत नाहीत. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. पण एकाच मुलाच्या तीन पेपरांत एकाच जातीची चूक आहे, हे तिघांपैकी कोणाला दिसायला मार्ग नव्हता. तिन्ही गठ्ठे तीन कपाटांत होते.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापकांनी बैठक घेतली. दहावीचा निकाल हा शाळेच्या मानाचा विषय, त्यामुळे नववीतच बंदोबस्त करायचा होता. तीन गोष्टी पुढे आल्या, चौथी नंतर.

पहिली, नेहमीची: सकाळी गणिताचे जादा तास. याला कोणाचा विरोध नव्हता. पण वस्तीवरून येणाऱ्या मुलांना पहिल्या एसटीच्या आधी गाडी नाही, म्हणजे ज्यांना सर्वात जास्त गरज तीच मुलं गैरहजर राहणार.

दुसरी, कच्च्या मुलांना ‘ब’ तुकडीत पाठवणं. कागदावर हे सोपं वाटतं. चौदा वर्षांच्या मुलाला वर्गमित्रांदेखत ‘तू उतर’ म्हणणं काय असतं ते मी दुसऱ्या एका शाळेत पाहिलं आहे, आणि हा पर्याय मागे पडला याचा मला आनंद झाला. मुख्याध्यापकांना मात्र काळजी पालकांची होती.

तिसरी, अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून घेणं. दहावीला गणित आणि विज्ञान मिळून 70 गुण, प्रत्येकी किमान 25, असा उत्तीर्ण होण्याचा हिशेब आहे. ‘विज्ञानात ओढून घे, गणितात पंचवीस काढ’ हा सल्ला अनेक शाळांत सर्रास दिला जातो. पास होण्यापुरता तो चालतोही. पण असा सल्ला ऐकलेलं मूल दहावीनंतर गणिताच्या वाटेला जात नाही.

चौथी सूचना मराठीच्या बाईंची, आणि ती बैठकीत आलीच नाही. ती आली नंतर, शिक्षक खोलीत. सर पेपर तपासत होते. बाईंनी एक कोरी उत्तरपत्रिका उचलली, प्रश्न वाचला आणि विचारलं, “सर, याला गणित येत नाही म्हणता, पण प्रश्न तरी कळलाय का याला?”

सरांना ते लागलं. दोन दिवस ते बाईंशी फारसं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी गठ्ठा आणून टेबलावर ठेवला.

पहिला निर्णय: मुलांना एकेक करून विचारायचं

इथे मी एक पद्धत सुचवली. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांनी 1977 च्या सुमारास शाब्दिक उदाहरणांतल्या चुका शोधण्यासाठी ती मांडली. मुलाला शेजारी बसवायचं आणि पाच गोष्टी क्रमाने करायला सांगायच्या: प्रश्न मोठ्याने वाच. काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग. कसं सोडवशील ते सांग. आता सोडवून दाखव. उत्तर नीट लिही. मूल ज्या पायरीवर अडेल तिथे त्याची खरी अडचण.

सरांना हे वेळखाऊ वाटत होतं, आणि ते होतंच. म्हणून मधल्या सुट्टीत दोन-तीन मुलं, असं सुरू झालं.

प्रश्न असा होता: डाळिंबाच्या एकूण 50 पेट्या आहेत. लहान पेट्यांची संख्या मोठ्या पेट्यांच्या दुपटीपेक्षा 10 ने कमी आहे. तर प्रत्येकी किती? मुलांपुढे तो इंग्रजीत होता. इंग्रजी वाक्यात ‘10 ने कमी’ हा भाग आधी येतो आणि ‘दुप्पट’ नंतर. मुलं वाक्य जसं डोळ्यांसमोर येईल तसं डावीकडून उजवीकडे उतरवत होती: दहा, वजा, मग दोन गुणिले मोठ्या पेट्या. समीकरण उलटं. पुढची सगळी आकडेमोड बरोबर, आणि उत्तर अशक्य.

एक मुलगा दुसऱ्या पायरीवरच थांबला. प्रश्न वाचला, मान खाली. सरांनी पुस्तक मिटलं आणि तोच प्रश्न मराठीत, बोलण्यातल्या मराठीत सांगितला. मुलाने छताकडे बघितलं. “मोठ्या वीस, लहान तीस.” कागद नाही, पेन नाही. कसं काढलंस विचारल्यावर म्हणाला, “पन्नासात दहा मिळवले सर. मग तीन वाटे केले.” तो सुट्टीत मामाबरोबर पॅकिंगला जायचा.

50 मध्ये 10 मिळवून 3 ने भागणं म्हणजे दोन समीकरणांची बेरीज करून एक चल घालवण्याचीच क्रिया. सरांनी हे त्याला वहीत मांडून दाखवलं: तू जे डोक्यात केलंस, ते लिहिलं की असं दिसतं. मुलगा त्या दोन ओळींकडे बराच वेळ बघत राहिला. पुढच्या आठवड्यात त्याने तासाला आपणहून हात वर केला. सर मला म्हणाले, गेल्या वर्षी याला मी मागच्या बाकावरचा म्हणून सोडून दिला होता.

सगळ्या मुलांचं बोलून झाल्यावर तीन ढीग झाले. सर्वात मोठा, प्रश्न समजण्याच्या किंवा त्याचं समीकरण करण्याच्या पायरीवर अडलेल्यांचा. त्याहून लहान, अपूर्णांक आणि भागाकारात घसरणाऱ्यांचा. आणि काही मोजकी मुलं, ज्यांना सगळं येत होतं पण चुकेल म्हणून लिहीत नव्हती. जादा तासांचा उपयोग फक्त दुसऱ्या ढिगाला झाला असता.

दुसरा निर्णय: वर्गात बोलायचं कोणत्या भाषेत?

यावर खरा वाद झाला. मॅडमचं म्हणणं, पेपर इंग्रजीत आहे, वर्गात मराठी आली की मुलं मराठीच धरून ठेवतील. सर पूर्वी इंग्रजी वाक्य वाचून लगेच मराठीत अर्थ सांगत. त्यामुळे मुलं इंग्रजी वाक्याकडे बघायचीच नाहीत, सरांच्या मराठीची वाट बघायची. दोघांच्या अनुभवात एकेक सत्य होतं.

ठरलं ते असं. अर्थ शिक्षकांनी सांगायचा नाही. प्रश्न इंग्रजीत फळ्यावर, मुलांनी जोडीने बसून तो मराठीत एकमेकांना सांगायचा, चित्र किंवा तक्ता काढायचा, आणि मग उत्तर इंग्रजीत लिहायचं. विचार करण्याची भाषा मुलांची, लिहिण्याची भाषा पेपरची. बाईंनी आपल्या तासाला याला जोड दिली: उतारा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि ‘काय दिलंय, काय विचारलंय’ एवढंच दोन ओळींत लिहायचं. कवितेच्या तासाला त्यांनी हे कधीच केलं नाही, आणि ते योग्यच केलं.

माझ्या मते संपूर्ण वर्षातला हा सर्वात महत्त्वाचा निर्णय होता. त्यासाठी पैसा लागला नाही, परवानगी लागली नाही. लागली ती एवढीच तयारी, की शिक्षकाने काही मिनिटं गप्प बसायचं. वीस वर्षं फळ्यावर सोडवून देणाऱ्या माणसाला ते किती जड जातं ते मी पाहिलं. पहिल्या काही तासांना सर खडू खिशात ठेवून खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे.

तिसरा निर्णय: शनिवारचा एकत्र तास

शनिवारी सकाळची शाळा. मॅडमनी विचारलं, शनिवारचे शेवटचे दोन तास तिघांना मिळून एकच विषय घेता येईल का? मुख्याध्यापकांनी अभ्यासक्रम मागे पडेल म्हणून आधी नाही म्हटलं, मग दिवाळीपर्यंत करून बघा म्हणाले.

विषय कुठला घ्यायचा? मॅडमच्या मनात होशंगाबादचं काम होतं. मध्य प्रदेशात 1972 ते 2002 पर्यंत सरकारी शाळांमध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालला, आणि त्यात खेड्यातली मुलं साध्या सामानातून स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढत. इथलं सामान कुठलं, तर उत्तर बांधावरच होतं. डाळिंबाच्या हस्त बहाराची, म्हणजे पावसाळा संपताना धरायच्या फळांच्या हंगामाची, छाटणी चालू होती आणि घरोघरी बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध, बनत होतं.

डाळिंब लावणाऱ्या घरातल्या मुलाला बोर्डो माहीत असतं. मोरचूद (कॉपर सल्फेट) एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर, म्हणजे एक टक्का. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत भिजवायचं, मग एकत्र करायचं, त्याच दिवशी फवारायचं. तयार झालं का हे बघायला वडील त्यात विळा किंवा खिळा बुडवतात. लोखंडावर तांबडं चढलं तर आणखी चुना. नववीच्या विज्ञानात आम्ल-आम्लारीचा धडा आहे, द्रव्याच्या मोजमापाचा आहे. गणितात गुणोत्तर-प्रमाण आहे. सगळं एका बादलीत.

वर्गात प्रमाण शंभराने खाली आणलं: 10 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये, 10 ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये. मोरचूद विषारी, म्हणून वजन आणि ओतणं मॅडमच्या हातात, हातमोजे घालून. मुलांकडे लिटमस, खिळे आणि वह्या. मॅडमनी मुद्दाम दोन प्रकारचा चुना आणवला होता: एक ताज्या बंद पिशवीतला, दुसरा एका मुलाच्या घरी फाटक्या पोत्यात मागच्या हंगामापासून उघडा पडलेला.

ताज्या चुन्याच्या मिश्रणात खिळा स्वच्छ राहिला. जुन्याच्या मिश्रणात थोड्या वेळाने तांबडा झाला. वर्गात गलका. “प्रमाण तर एकच आहे ना मॅडम!” एका मुलीने विचारलं. याच प्रश्नासाठी मॅडमनी सगळी मांडामांड केली होती, तरी त्यांनी उत्तर दिलं नाही. मग मुलांनीच पुढे रेटलं. वजन सारखं, पण वस्तू सारखी आहे का? उघडा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, हे पुस्तकात चुन्याच्या निवळीच्या प्रयोगात त्यांनी आधी पाहिलेलं होतं. तो दुवा एका मुलाने जोडला, आणि मॅडमचा चेहरा मला अजून आठवतो.

पुढच्या शनिवारी उलटा प्रयोग. मोरचुदाच्या द्रावणात ताज्या चुन्याचं पाणी थोडं-थोडं घालत गेले, दर वेळी लिटमस. द्रावण उदासीन व्हायला 10 ग्रॅम चुना लागलाच नाही. तीन ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे काम झालं. आता सरांची पाळी. मोरचुदाचं रेणुवस्तुमान 249.5, विरलेल्या चुन्याचं 74. एकास एक रेणू धरले तर 10 ग्रॅम मोरचुदाला चुना किती? मुलांनी त्रैराशिक मांडलं: 2.97 ग्रॅम. फळ्यावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा जवळजवळ एकच. गणिताच्या तासाला टाळ्या वाजलेल्या मी फार वेळा पाहिलेल्या नाहीत.

मग अर्थातच प्रश्न आला: घरी एक किलोला एक किलो का टाकतात? तिघांपैकी कोणालाच खात्रीने सांगता येईना. मुलं गावच्या कृषी सहायकांकडे गेली. बाजारातला चुना भरवशाचा नसतो म्हणून जास्त धरतात, आणि म्हणूनच खिळ्याने तपासायचं, असं त्यांनी सांगितलं.

शेवटचा टप्पा बाईंचा. ‘बोर्डो मिश्रण कसे तयार करावे’ ही कृती मुलांनी लिहायची, आणि ‘ब’ तुकडीतल्या मुलांनी ती अक्षरशः पाळायची, तोंडी काही विचारायचं नाही. मोरचुदाऐवजी मीठ आणि चुन्याऐवजी पीठ घेतलं होतं. एका गटाने लिहिलं होतं, ‘मग त्यात चुना टाका.’ किती ते नव्हतं, कशात तेही नव्हतं. ‘ब’च्या मुलाने सगळी पुडी मिठाच्या पाण्यात उपडी केली. लिहिणारी मुलगी ओरडली, “तसं नाय रे!” बाई शांतपणे म्हणाल्या, “तू लिहिलंयस तसंच केलं त्याने.” त्या मुलीने कृती पुन्हा लिहिली, आणि पुन्हा. अंतिम पत्रक मुलांनी घरी नेलं. काही घरांत ते पिंपाजवळ चिकटवलेलं मी पाहिलं.

निष्पत्ती

दुसऱ्या सत्रात शाब्दिक उदाहरणं कोरी सोडणारी मुलं बरीच कमी झाली. गुण मात्र त्या मानाने वाढले नाहीत. कारण सरळ आहे: जी मुलं आधी लिहीतच नव्हती ती आता लिहू लागली आणि आकडेमोडीत चुकू लागली. मुख्याध्यापकांना हे निराशाजनक वाटलं. सरांना नाही. कोऱ्या पानावर शिकवायला काही हाताशी लागत नाही. चुकलेल्या पानावर कुठून सुरुवात करायची ते दिसतं, असं ते बैठकीत म्हणाले.

विज्ञानात ‘कारणे द्या’ची उत्तरं मुलांच्या स्वतःच्या वाक्यांत येऊ लागली. इंग्रजी मोडकं, पण कारण बरोबर. ते कसं तपासायचं हा मॅडमपुढे नवा प्रश्न होता. त्यांनी कारणाला गुण द्यायचं ठरवलं आणि भाषा लाल शाईने नुसती दुरुस्त केली.

ज्यांच्यापर्यंत हे पोचलं नाही तेही सांगायला हवं. अपूर्णांकात अडणारी मुलं वर्षाअखेरीसही बहुतांशी तिथेच होती, कारण सगळा जोर पहिल्या ढिगावर गेला. छाटणी आणि तोडणीच्या दिवसांत शेतावर राहणारी मुलं नेमकी शनिवारी गैरहजर असत. आणि भूमितीला यातलं काहीच लागलं नाही. प्रमेयांच्या सिद्धता आधीसारख्याच पाठ होत राहिल्या.

वेगळं काय करता आलं असतं

मुलांशी एकेक करून बोलणं ऑगस्टच्या चाचणीनंतर सुरू झालं. ते जूनमध्येच, आठवीच्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका घेऊन करता आलं असतं. गठ्ठे शाळेतच होते.

इंग्रजीच्या शिक्षकांना कोणी बोलावलंच नाही. सेमीच्या वर्गात गणिताची वाक्यं इंग्रजीत असताना इंग्रजीचा तास त्यापासून तुटलेला राहिला, ही मला सर्वात मोठी उणीव वाटते. ‘पेक्षा कमी’, ‘दुप्पट’, ‘अनुक्रमे’ अशा अर्थाच्या वाक्यरचना इंग्रजीच्या तासाला आठवडाभर घोळवल्या असत्या तर सरांचं अर्धं काम झालं असतं.

दुसऱ्या ढिगासाठी जादा तास हवेच होते, फक्त सकाळी नाही. दुपारच्या शेवटच्या तासाला, एसटीच्या वेळेआधी, त्याच मोजक्या मुलांसाठी अर्धा तास ठेवता आला असता. ‘जादा तास की नवी पद्धत’ असा वाद झाल्यामुळे दोन्ही एकदम करता येईल हे बैठकीत कोणी मांडलंच नाही.

आणि सगळा डोलारा तीन माणसांच्या मर्जीवर उभा होता. वार्षिक परीक्षेनंतर बाई निवृत्त झाल्या. सरांना मतदार यादीच्या कामाला नेमलं, त्यांचे शनिवार त्यात जाऊ लागले. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लागलं तेव्हा एकत्र तासाचा कॉलम त्यात नव्हता. मॅडमनी मुख्याध्यापकांकडून महिन्यातून एक शनिवार मागून घेतला, आणि मराठीच्या नव्या शिक्षकांना कामाची ओळख करून देताना त्यांच्यासमोर आधी उत्तरपत्रिकांचे ते तीन ढीग ठेवले.